चार वेळा पहिला: ज्युनियर युरोव्हिजनमधला जॉर्जिया

(दृश्य: लिमासोल, सायप्रस. २२ नोव्हेंबर २००८.)

पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घातलेली तीन मुलं. गटाचं नाव ब्झिकेबी, म्हणजे गांधीलमाश्या. गाण्याचं नाव ‘ब्झ्झ’, आणि त्यातले बोल कुठल्याच भाषेतले नाहीत. ज्युनियर युरोव्हिजन या मुलांच्या युरोपीय गाण्याच्या स्पर्धेत जॉर्जियाचं हे अवघं दुसरं वर्ष. तरीही पंधरा देशांत हे त्रिकूट १५४ गुणांनी पहिलं येतं.

त्यातले १२ गुण मात्र कुणी दिलेलेच नव्हते. २००५ ते २०१५ या काळात प्रत्येक स्पर्धकाच्या खात्यात सुरुवातीलाच १२ गुण जमा असायचे. कोणतंही मूल शून्यावर राहू नये, एवढाच हेतू. जुने आणि नवे गुण शेजारी मांडताना हे १२ वजा करायला लोक हमखास विसरतात.

(दृश्य: नकाशावर जॉर्जिया, मग विजेत्यांची छायाचित्रं.)

मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये जॉर्जिया कधीही जिंकलेला नाही. तिथली त्याची सर्वोत्तम कामगिरी नववा क्रमांक, २०१० आणि २०११ मध्ये. मुलांच्या स्पर्धेत मात्र त्याच देशानं चार विजय मिळवले: २००८, २०११, २०१६ आणि २०२४. २००७ मध्ये रॉटरडॅमला मरियम रोमेलाशविली पहिल्यांदा गायली आणि चौथी आली. तेव्हापासून जॉर्जियानं एकही वर्ष चुकवलेलं नाही.

लहान देश, बाहेर स्थायिक झालेले लोकही तुलनेनं कमी. मग मतं येतात कुठून? याचं उत्तर गुणपद्धतीत आहे. २००७ पर्यंत निकाल फक्त प्रेक्षकांच्या मतांवर लागायचा. २००८ मध्ये निम्मे गुण परीक्षक मंडळांकडे गेले, आणि त्याच वर्षी जॉर्जिया जिंकला. निव्वळ योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण पुढच्या तिन्ही विजयांतही परीक्षकांचा वाटा निम्मा किंवा त्याहून जास्त होता. २०१६ मध्ये माल्टातल्या वलेटाला तर प्रेक्षकांचं मतदानच नव्हतं. मरियम ममादाशविलीच्या ‘म्झेओ’ला २३९ गुण मिळाले, आर्मेनियाला २३२.

(दृश्य: गुणफलक. आकडे एकेक करून उमटतात.)

आताची पद्धत नीट पाहू. प्रत्येक देशाचं मंडळ पाच जणांचं: तीन संगीतातले जाणकार, दोन मुलं. हे मंडळ दहा गाण्यांना १२, १०, आणि मग ८ पासून १ पर्यंत गुण देतं. बेरीज ५८. सतरा देश असतील तर सगळ्या मंडळांचे मिळून ९८६ गुण होतात, आणि तितकेच गुण प्रेक्षकांच्या ऑनलाइन मतांसाठी ठेवलेले असतात. हे ऑनलाइन गुण मतांच्या टक्केवारीप्रमाणे वाटतात. दहा टक्के मतं मिळाली तर साधारण ९९ गुण.

इथं एक बारकावा आहे. मतदाराला तीन देश निवडावे लागतात, आणि त्यांत स्वतःचा देशही चालतो. त्यामुळे घरच्या पाठिंब्यासोबत दोन मतं आपोआप बाहेर जातात. सगळ्या मतदारांनी एकाच देशाला निवडलं, तरी त्याच्या वाट्याला एकतृतीयांशाहून जास्त मतं येत नाहीत. म्हणून ऑनलाइन गुण पसरट होतात आणि देशादेशांतलं अंतर कमी राहतं. परीक्षकांकडे तसं नसतं. अकराव्या क्रमांकाला तिथं शून्यच.

आणि परीक्षक गुण देतात ते आदल्या दिवशीच्या ड्रेस रिहर्सलवर. थेट प्रक्षेपणाच्या दिवशी मूल कितीही सुरेख गायलं, तरी तोवर निम्मा निकाल लिहून झालेला असतो. जी पथकं रिहर्सलमध्ये आवाज राखून गातात, त्यांना हे महागात पडतं.

(दृश्य: जॉर्जियन लोकगायन. तीन पुरुष, वाद्यं नाहीत.)

परीक्षकांना जे ऐकू येतं, त्यातच जॉर्जियाची ताकद आहे. इथलं लोकगायन बहुधा तीन आवाजांचं. खाली ‘बानी’, म्हणजे आपल्या खर्जासारखा आधार, आणि त्यावर दोन आवाज स्वतंत्र चालीनं फिरतात. युनेस्कोनं २००१ मध्ये या परंपरेला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिलं. ‘ब्झ्झ’ हे पॉप गाणं खरं, पण तीन आवाजांची तिथली गुंफण ऐकली की त्यामागचा रियाज कळतो. संगीतकार गीगा कुखियानिद्झे. २०११ मध्ये आर्मेनियातल्या येरेवानला जिंकलेलं पाच मुलींच्या ‘कॅन्डी’ या गटाचं गाणंही त्यांचंच. तिथं जॉर्जियाला १०८ आणि नेदरलँड्सला १०३ गुण होते.

गटानं गाण्यात धोका मोठा असतो. एक आवाज किंचित उतरला की बाकीचे नकळत त्याच्या मागे जातात, आणि ध्वनिमुद्रित साथ मात्र मूळ पट्टीतच राहते. ती तफावत प्रेक्षकांना एक वेळ जाणवणार नाही, परीक्षकांना लगेच जाणवते. उपाय जुनाच: आधी वाद्यांशिवाय तालीम, मग कानातल्या मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज कमी आणि आधाराचा सूर जास्त.

दुसरा धोका वयाचा. स्पर्धकाचं वय ९ ते १४. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा काही महिने आधी निवडला, तर नोव्हेंबरपर्यंत त्याचा आवाज फुटू शकतो. त्यामुळे तीन मिनिटांच्या या गाण्यांत सर्वांत वरचा सूर आवाजाच्या टोकाशी ठेवायचा नसतो. गरज पडली तर पट्टी एक-दोन स्वर खाली घेता यावी, अशी रचना लागते. लहान मुलींच्या बाबतीत ही काळजी बरीच कमी.

(दृश्य: त्बिलिसी, २६ नोव्हेंबर २०१७.)

२०१७ मध्ये स्पर्धा घरी आली. त्बिलिसीच्या ऑलिंपिक पॅलेसमध्ये सोळा देश, आणि सूत्रसंचालनात २०१४ ची स्पर्धक लिझी पॉप. ग्रिगोल किप्शिद्झे दुसरा आला, १८५ गुण. रशियाचे १८८. २००८ आणि २०११ च्या विजयांनंतर स्पर्धा जॉर्जियाला आली नव्हती. २००९ ला कीव आणि २०१२ ला ॲम्स्टरडॅम. तेव्हा जिंकणं आणि यजमानपद यांची गाठ बांधलेली नव्हती.

पुढे पडझड झाली. २०१८ ला आठवा, २०१९ ला चौदावा. ‘वी नीड लव्ह’सारख्या शीर्षकांनी आंतरराष्ट्रीय दिसण्याची धडपड केली. असं गाणं कोणताही देश पाठवू शकतो, आणि मग जॉर्जियाला वेगळं ओळखायचं कशावरून? सार्वजनिक प्रसारण संस्था ‘रानिना’ या मुलांच्या गायन-कार्यक्रमातून स्पर्धक निवडते. तिथं मूल कॅमेऱ्यासमोर आठवड्यामागून आठवडा वेगवेगळी गाणी गातं, त्यामुळे एका चांगल्या दिवसावर निवड होत नाही. २०२१ ला चौथा, २०२२ ला तिसरा क्रमांक आला.

(दृश्य: माद्रिद, १६ नोव्हेंबर २०२४.)

आंद्रिया पुतकारादझे. गाणं आईसाठी. गुण २३९, मरियम ममादाशविलीला आठ वर्षांपूर्वी मिळाले तेवढेच. पद्धत बदललेली असल्यानं ही बरोबरी फक्त कागदावरची. चार विजय तोवर दुसऱ्या कुणाच्याच नावावर नव्हते. वर्षभरानं, १३ डिसेंबर २०२५ ला, स्पर्धा पुन्हा त्बिलिसीत झाली आणि फ्रान्सनं तिथं आपला चौथा विजय मिळवला.