न्यू हॅम्पशायर, मार्च १९६८

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे तिकिटाची चर्चा गावभर रंगते, पण तिकीट देतात पक्षश्रेष्ठी. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत पक्षाच्या मतदारांचा कौल घेतात, त्याला प्रायमरी म्हणतात. आज सांगायचं आहे ते न्यू हॅम्पशायर या लहानशा राज्यातल्या १९६८ सालच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीबद्दल.

राष्ट्राध्यक्ष होते लिंडन जॉन्सन. व्हिएतनामचं युद्ध चिघळलेलं, आणि युद्ध जिंकत आल्याची सरकारची ग्वाही जानेवारीअखेरच्या टेट हल्ल्यांनी, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणात कम्युनिस्टांनी चढवलेल्या हल्ल्यांनी, पार खोटी ठरवलेली. तरी सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाशी त्याच्याच पक्षातून कोण भिडणार? मिनेसोटाचे सिनेटर युजीन मॅकार्थी भिडले. पक्षातली बडी मंडळी त्यांच्यापासून लांबच राहिली. धावून आली ती कॉलेजची मुलं. लांब केस आणि दाढ्या बघून गावची वडीलधारी माणसं दार लावून घेतील, म्हणून अनेकांनी केस कापले, दाढ्या उतरवल्या, आणि ऐन थंडीत घरोघरी जाऊन युद्धाविषयी बोलत राहिली. मला या मुलांचं फार कौतुक वाटतं. पटत नसलेल्या माणसाच्या दारात जाऊन नम्रपणे बोलायला धीर लागतो.

जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतंच. समर्थकांनी ते हातानं लिहायचं होतं. त्यासाठी त्यांच्या माणसांनी पाठिंब्याची कार्डं वाटली. सही करून एक भाग स्वतःजवळ ठेवायचा, एक पक्षाकडे द्यायचा, आणि एक थेट व्हाइट हाउसला जाणार! गुप्त मतदानाच्या देशात हे लोकांना खटकलं, आणि खटकायलाच हवं होतं.

१२ मार्चला मतदान झालं. जॉन्सन यांना ४९ टक्क्यांच्या वर, मॅकार्थींना सुमारे ४२ टक्के. आकड्यांत जॉन्सन जिंकले, पण त्यांचा दरारा संपला. चारच दिवसांत माजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचे भाऊ, सिनेटर रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले, आणि ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केलं, की आपण पुन्हा उमेदवारी घेणार नाही.

जूनमध्ये केनेडींची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती जॉन्सन यांचे उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना, एकही प्रायमरी न लढवता. बंद खोलीतल्या सौद्यांवर कार्यकर्ते चिडले, तेव्हा कुठे पक्षानं नियम बदलायला घेतले. १९७२ पासून उमेदवारीची चावी मुख्यतः प्रायमरीतल्या मतदारांच्या हाती आली.