आधी तबकडी, मग तोंड

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर ‘रॅप : पन्नास वर्षांची वाटचाल’ असं भारदस्त छापलंय. वेळ पाऊण तास, त्यातली दहा मिनिटं समई पेटेना म्हणून गेली. तेव्हा एकच गोष्ट सांगतो. रॅपमध्ये तबकडी आधी आली, तोंड मागाहून. आणि आजही यंत्र बदललं की तोंड बदलतं.

हा विषय काढला की कुणीतरी हमखास म्हणतं, “अहो, हा तर आपला पोवाडाच!” नाही हो. पोवाड्यात शाहीर पुढे, डफ-तुणतुणं मागे. इथे उलटं. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, सेजविक अव्हेन्यूवरची 1520 नंबरची इमारत. सिंडी कॅम्पबेलला शाळेसाठी नवे कपडे हवे होते, म्हणून तिने इमारतीतल्याच हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. गाणी लावायला भाऊ, जमैकाहून आलेला डीजे कूल हर्क. गाणं थांबून नुसता ड्रम वाजतो तेवढ्याच काही सेकंदांत पोरं बेभान होतात, हे याने हेरलेलं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच. शब्द म्हणाल तर मधूनमधून माइकवर आरोळ्या, वरातीत बँडपुढे ओरडणाऱ्या मामाइतक्याच.

आता माझी लाडकी गोष्ट. त्याच ब्रॉन्क्समध्ये, 1975च्या सुमारास, थिओडोर नावाचा शाळकरी पोरगा खोलीत मोठ्याने गाणी लावून बसला होता. आई दारात आली, आवाजावरून ओरडायला लागली. आईचं ऐकू यावं म्हणून त्याने फिरती तबकडी हाताने धरली, आणि बोलणी खाताखाता हात पुढेमागे होत राहिला. खर्र, खर्र. त्याला तो आवाज आवडला. पुढे त्याने त्याचाच रियाज केला आणि जगाला स्क्रॅचिंग मिळालं.

मी हे कॉलेजात वाचलं. घरी वडिलांच्या नाट्यपदांच्या तबकड्या. एका दुपारी ते झोपल्यावर मी बोट टेकवलं. सुई घसरली, आणि संगीत रंगभूमीच्या इतिहासात नसलेली एक तान बाहेर पडली. वडील बनियनवरच बाहेर आले आणि त्यांनी मलाच पुढेमागे केलं. ती तबकडी अजून एकाच शब्दावर अडकते. म्हणजे आमच्या घरातला पहिला लूप माझाच.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटे.’ खाली दोन रेघा. बरं, आता धावतो.

1979, ‘रॅपर्स डिलाइट’. चौदा मिनिटांहून लांब गाणं, पण त्यात तबकडीवाला नाहीच. दुसऱ्या गाण्याची बासची चाल स्टुडिओत वादकांनी वाजवली. इथे डीजे मागे सरला. 1982, ‘द मेसेज’. आरोळीच्या जागी फुटक्या काचा, उंदीर, झुरळं आली. मग सॅम्पलर आला, म्हणजे जुन्या गाण्याचा तुकडा उचलून पुन्हापुन्हा वाजवणारं यंत्र, आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्या रकिम या रॅपरने यमक ओळीच्या शेवटून काढून तिच्या पोटात नेलं. 1991मध्ये रॅपर बिझ मार्कीवर खटला झाला, विनापरवाना दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा घेतला म्हणून. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलच्या आज्ञेने केली. तुकडे महागले, आणि बरेचजण कीबोर्ड-ड्रम मशीनकडे वळले. पुढे अमेरिकेतल्याच अटलांटात 808 नावाच्या ड्रम मशीनचा खर्ज आणि वर थरथरणारी हायहॅट, म्हणजे ड्रमची झांज. 2013मध्ये मिगोस या तिथल्या रॅप-त्रिकुटाने त्यावर तीन-तीन अक्षरांचे झुपके टाकले. तबला शिकलेल्यांनी टाळी धरून बघा, सरळ तिस्र जाती आहे. माझ्या वयाचे लोक म्हणतात, ही पोरं पुटपुटतात. पुटपुटतातच, पण लयीत! गळ्याचा सूर यंत्राने सरळ करणाऱ्या ऑटोट्यूनने तर आवाजच यंत्रात घातला. शब्द संपले म्हणावं, तर 2018मध्ये रॅपर केंड्रिक लमारला पुलित्झर, अमेरिकेतला मानाचा पुरस्कार!

आणि आपल्या मुंबईत, कुर्ल्याच्या नेझी या रॅपरचं गाणं ‘आफत’, 2014. आयपॅडवर ध्वनिमुद्रण, आयपॅडवरच चित्रण. पुन्हा तेच, आधी यंत्र...

हो हो, थांबतो. ती तबकडी पिशवीत आणलीय. बघायची असेल त्यांनी वडे संपल्यावर या, पण हात धुऊन.