पाण्याकाठी दोन रात्री

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर लागला, निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला, की घराघरांत एकच विषय निघतो. नाताळच्या सुट्टीत जायचं कुठं? कुणी गोवा म्हणतं, कुणी महाबळेश्वर. मग तिकिटं, गर्दी, खर्च यांचा हिशोब होतो आणि बऱ्याचदा बेत तिथंच बारगळतो. मी आज तुम्हाला जवळचं सुचवणार आहे. पाण्याकाठी जा. आपल्या नाशिककरांच्या हाताशी किती धरणं आहेत बघा. गंगापूर आहे, दारणा आहे, मुकणे आहे, वैतरणा आहे, आणि घोटीहून वळून पलीकडं अकोले तालुक्यात उतरलं की भंडारदरा. यातलं एक निवडा. एकच बरं का. तिथं दोन रात्री राहा आणि मधला दिवस पूर्ण रिकामा ठेवा. पुन्हा सांगते, एक जागा, दोन रात्री आणि मधला दिवस रिकामा.

रिकामा म्हटलं की लोक दचकतात. तिथं बघायला काय काय आहे, हा पहिला प्रश्न येतो. आता भंडारदऱ्याला बघायला पुष्कळ आहे. रंधा धबधबा आहे, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ आहे, घाटघरचा कोकणकडा आहे, साम्रदची सांदण दरी आहे, बारी गावातून कळसूबाई आहे. पण हे सगळं एका दिवसात कोंबलं की संध्याकाळी आजोबांचे पाय सुजलेले असतात, धाकट्याला गाडी लागलेली असते आणि घरच्या बाईनं दिवसभर डबे आणि पाण्याच्या बाटल्या मोजलेल्या असतात. सुट्टी नेमकी कुणासाठी आहे हे आधी ठरवा. माझ्या मते ती घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसासाठी असावी. त्याच्या चालीनं बेत आखला की बाकीच्यांना विसावा आपोआप मिळतो.

आणि जायचं ते थंडीत. पावसाळ्यात धरणांवर शनिवार-रविवारी जी झुंबड उडते, ती मला मुळीच पटत नाही. धुक्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही, रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि गाडीची दारं उघडी टाकून मोठमोठ्यानं गाणी लावणारी टोळकी. त्या गावांतल्या माणसांनी पावसात भाताची आवणी करायची की आपला गोंगाट ऐकायचा? थंडीत तसं नसतं. पाऊस संपलेला, धरणात पाणी भरपूर, भात काढून झालेला, खाचरांत पेंढ्याचा वास, आणि सकाळी नऊपासून अंगावर घ्यावंसं वाटणारं ऊन. हे ऊन म्हणजेच थंडीतल्या सुट्टीचं खरं सुख. रात्री मात्र बोचरी थंडी असते, जाड पांघरुणं आहेत का ते आधीच विचारून घ्या.

आता मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय. खरं तर ही गोष्ट सांगायला मिळावी म्हणूनच मी हा विषय घेतला.

माझी आत्या श्रीरामपूर तालुक्यातली. सगळं आयुष्य शेतात गेलं, ऊस आणि गहू. काही वर्षांपूर्वी जानेवारीत ती आमच्याकडे नाशिकला आली होती, आणि आमचं भंडारदऱ्याला जायचं ठरलेलंच होतं, म्हणून तिलाही घेतलं. माझ्या धाकट्या दिरांनी सगळा बेत कागदावर लिहून काढला होता. सकाळी उठून तलावाला वळसा घालायचा, म्हणजे मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. कुठं किती मिनिटं थांबायचं तेसुद्धा लिहिलेलं. आम्ही निघालो आणि पाण्याचा पहिला मोठा विस्तार दिसला तशी आत्या म्हणाली, "थांबवा गाडी."

उतरली. काठापर्यंत गेली. पदर डोक्यावर घेतला आणि मला विचारलं, "हेच का गं ते पाणी?"

श्रोतेहो, मला क्षणभर कळेना. मग उजेड पडला. भंडारदऱ्याचं विल्सन धरण प्रवरा नदीवर आहे. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली ते पूर्ण झालं. त्यात अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट, पाणी मावतं. ते पाणी नदीच्या पात्रातून खाली संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्याला जातं आणि तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. त्या डाव्या कालव्याच्या एका चारीवर, म्हणजे शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या लहान पाटावर, माझ्या आत्याचं शेत. त्या भागातला ऊस या पाण्यावर उभा राहिला, १९५० साली लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला तोही याच पाण्यावर. आत्या लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून ती या पाण्याची वाट बघत आली होती. "भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं", म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी कालव्याला सोडलं, हे वाक्य तिनं हजारदा ऐकलं असेल. पण भंडारदरा तिनं कधी पाहिलाच नव्हता.

तिनं पिशवी उघडली. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता, पण ती घरून खण, नारळ, हळद-कुंकू घेऊन निघाली होती. आणि जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेलं उसाचं एक कांडं, तिच्या शेतातलं. तिनं पाण्याची ओटी भरली. ते कांडं काठाशी ओल्या मातीत उभं रोवलं, हात जोडले, आणि सावलीत बसकण मारली. म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी इथंच बसते."

दीर म्हणाले, "आत्या, घाटघरहून कोकण दिसतं."

"दिसू द्या की."

आता तिला एकटीला टाकून कोण जाणार? चटया काढल्या. थोडा वेळ बसू, मग निघू, असं ठरलं. तेवढ्यात माझ्या मुलीनं विचारलं, "आत्याआजी, एवढं लांबचं पाणी तुझ्या शेतात येतं कसं?" आणि आत्यानं उत्तर न देता एक काटकी उचलली.

पाण्यापासून लांब, चढावरच्या मऊ मातीत, तिनं रेघ ओढली. ही नदी. मुलांनी हातानं माती उकरून धरण केलं. खाली ओझरचा बंधारा झाला. बंधाऱ्यातून दोन कालवे निघाले, कालव्यातून चाऱ्या, आणि चारीच्या टोकाला वीतभर चौकोन, ते आत्याचं शेत. वाफे पाडले, सरी ओढली, तीसुद्धा सरळ नाही, उताराला थोडी आडवी, म्हणजे पाणी धावत नाही, मुरत जातं. थोरला भाचा बादलीनं पाणी आणून धरणात ओतत होता. आणि मग आत्यानं मुलांना दारं धरायला शिकवलं. पाणी एका वाफ्यात भरलं की त्याचं तोंड मातीच्या ढेकळानं बुजवायचं आणि त्याच वेळी पुढच्या वाफ्याचं फोडायचं. आधी फोडलं तर दोन्हीकडं अर्धंमुर्धं जातं. उशीर केला तर बांध फुटतो. मुलांचे बांध पुन्हा पुन्हा फुटले. ती रागावली नाही, फक्त म्हणायची, "ढेकूळ आधी हातात धर, मग दार फोड."

मग तिनं शेजपाळी समजावली. चारीवर सगळ्यांचे नंबर लागलेले असतात. आपला नंबर रात्री दोनला आला तर रात्री दोनलाच उठायचं. कंदील घेऊन, थंडीत, गुडघ्याएवढ्या उसातून, पायात काही न घालता, कारण चिखलात चप्पल रुतते. एकदा मामा, म्हणजे आत्याचे यजमान, तापानं फणफणले होते, तेव्हा तिनं एकटीनं रात्रभर दारं धरली होती. हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. माझ्या वडिलांनीही, तिच्या सख्ख्या भावानं, पहिल्यांदा ऐकलं.

दिरांनी तो कागद कधी खिशात घातला कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी मी पाहिलं तर ते पँट दुमडून चिखलात उभे होते आणि मुलांनी त्यांना पाटकरी, म्हणजे पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा माणूस, केलं होतं. कुणाची पाळी आधी, यावरून मुलं त्यांच्याशी भांडत होती. मोठी माणसं उन्हात पाठ देऊन आडवी झाली. आमच्या मुक्कामाच्या घरून नाचणीची भाकरी आणि पिठलं आलं. ऊन रतनगडाकडं कलेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारलं, घाटघरला जायचं का? मुलं म्हणाली, कालचा कालवा दुरुस्त करायचाय.

तर हे असं. म्हणून मी मधला दिवस रिकामा ठेवा म्हणते. कागदावरचा बेत पाळला असता तर आत्याला दहा मिनिटं मिळाली असती.

इथं एक बोलून घेते, विषय थोडा बाजूला जाईल. शाळांनी सुट्टीत मुलांना प्रकल्प देणं बंद करावं. धरणाचा तक्ता चिकटवून आणण्यात त्या मुलांची जी संध्याकाळ जाते, ती मुळात आईचीच जाते. मातीत एक चारी काढणाऱ्या मुलाला पाटबंधारे कळतात. त्याला सुट्टी पूर्ण द्या.

बरं, मूळ मुद्द्यावर येते. कुठलं पाणी निवडायचं? घरातल्या कुणाचं तरी ज्या पाण्याशी नातं आहे, ते निवडा. मुंबईचे पाहुणे आले असतील तर त्यांना इगतपुरी तालुक्यात वैतरणेला न्या, त्यांच्या नळाला येणारं पाणी तिथलंही आहे. कोपरगाव, राहात्याकडचे नातेवाईक असतील तर दारणा दाखवा, ते पाणी खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीच्या कालव्यांना जातं. आपल्या घरच्या नळाचं पाणी बघायचं असेल तर गंगापूर धरण गावाला लागूनच आहे, तिथं मुक्कामाचीही गरज नाही.

आणि नांदूर मध्यमेश्वर तर थंडीत चुकवूच नये. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं उथळ पाणी, त्यात उत्तरेकडून आलेली बदकं आणि करकोचे. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पण तिथं उजाडताना पोचावं लागतं, म्हणजे शेवटच्या सकाळी परतीच्या वाटेवर ते होत नाही. त्यासाठी वेगळी पहाट राखा, म्हाताऱ्यांना झोपू द्या, ज्यांना उठवेल त्यांनीच जा.

राहायची जागा ठरवताना फोनवर नीट विचारा. खोली तळमजल्यावर आहे का, संडासाला कमोड आहे का, गरम पाणी किती वाजता मिळतं. गुडघेदुखीच्या माणसाला तंबूत जमिनीवर झोपवू नका, फोटोत तंबू कितीही छान दिसो. जेवण गावातल्या घरीच सांगा आणि आदल्या दिवशी सांगा. तिखट कमी हवं तर तेही तेव्हाच. अकोले तालुक्यातला काळभात हा तांदूळ मिळाला तर आवर्जून मागा. सगळीकडं फोनची रेंज मिळत नाही, तेव्हा रोख पैसे जवळ असू द्या. रंध्याला जाणार असाल तर धरणातून पाणी सोडलंय का ते गावात विचारून जा, कारण तो धबधबा धरणाच्या खाली आहे, वरून पाणी आलं तरच तो नीट वाहतो.

आणि एक गोष्ट मी दोनदा सांगणार आहे. धरणाच्या पाण्यात उतरू नका. धरणाच्या पाण्यात पोहायला उतरू नका. काठ उथळ वाटतो, एक पाऊल पुढं टाकलं की तळ एकदम खोल जातो, आणि खाली गाळात पाय अडकतो. पोहता येणारी तरुण मुलंसुद्धा यात जातात. मुलं काठाशी खेळणार असतील तर एका मोठ्या माणसानं फक्त तेवढंच काम करायचं, फोन बाजूला ठेवून. आमच्याकडे त्या दिवशी ते काम माझ्या वडिलांनी घेतलं होतं, आणि बादली भरायला भाचा जाई तेव्हा ते सोबत पाण्यापर्यंत जात होते.

नाताळच्या आठवड्यात जागा लवकर भरतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर, संक्रांत झाली की, गर्दी ओसरते आणि ऊनही जास्त प्रेमळ होतं. जमलं तर शाळेची शुक्रवार-शनिवारची रजा रविवारला जोडून तेव्हाच जा. घरातल्या थोरल्या माणसाला मात्र आजच विचारा, त्यांना कुठलं पाणी बघायचंय.

नमस्कार.