आव पडते तेव्हा कुड्याची साल
नमस्कार मंडळी. पाऊस सुरू झाला की पाणी गढूळ येतं आणि घरोघरी पोटं बिघडतात, म्हणून आज कुड्याबद्दल बोलूया, पांढरा कुडा. सह्याद्रीत, कोकणात हे झाड सर्रास दिसतं, उन्हाळा संपता संपता पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरून जातं, कोवळ्या शेंगांची भाजीही करतात, पण औषधाला खरी किंमत सालीला.

वाळलेली साल हातात घेऊन बघा, तुकडे आतल्या बाजूला वळलेले असतात, वरून खरबरीत, तपकिरी, आणि वाकवायला गेलात तर कटकन मोडतात. जिभेवर ठेवली की तो कडूपणा बराच वेळ हटत नाही. आत कॉनेसिन आणि तसलीच बाकी अल्कलॉइड्स, म्हणजे वनस्पतीतली अंगावर असर करणारी द्रव्यं, असतात. आयुर्वेदात अतिसारावर कुटज, म्हणजे हाच कुडा, पहिल्या रांगेतलं औषध, कुटजारिष्ट आणि कुटजघन वटी त्याचीच, आणि गेल्या शतकात आपल्याकडच्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनीसुद्धा अमीबाच्या आवेवर 'कुर्ची' म्हणून हीच साल वापरली, पुढे मेट्रोनिडाझोल हे औषध आलं आणि ती मागे पडली.

आता मला जे कळकळीने सांगायचंय ते ऐका. कुडा आवेचा आहे, म्हणजे मुरडा येतोय, सारखं जावं लागतंय, चिकट पडतंय, तेव्हाचा. गॅस झाला, ॲसिडिटी झाली, पोट साफ नाही म्हणून कुणी काढा घेत असेल तर कृपा करून थांबा, साल मल बांधते, बद्धकोष्ठ असेल तर त्रास वाढेलच. आणि जुलाब लागले की आधी ओआरएस, माणूस खचतो तो अंगातलं पाणी गेल्यामुळे. रक्त पडतंय, ताप आहे, लहान मूल आहे किंवा बाई गरोदर आहे, तर काढा राहू दे, सरळ दवाखाना गाठा. किती घ्यायचा तेही वैद्यांना विचारूनच, कारण ही अल्कलॉइड्स जास्त झाली तर बाधतात.

अजून एक, काळा कुडा वेगळा. त्याच्या जोडशेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात, आणि त्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याचे ते गोड. सालीत भेसळ होते ती बहुतेक काळ्या कुड्याचीच, म्हणून झाड माहीत असलेल्याकडूनच घ्या.

आणि स्वतः काढणार असाल तर खोडाला गोल फिरवून सोलू नका हो, झाड उभ्या उभ्या वाळतं. एका बाजूची अरुंद उभी पट्टी घ्या, बाकीची तशीच राहू द्या.