कुलूप गेमला, भुर्दंड गिऱ्हाइकाला

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय ऐकून घरातली मोठी माणसं म्हणतील, हे पोराटोरांचं आहे. तसं नाही. यात पैसे मोठ्यांचे जातात, म्हणून मोठ्यांनीही ऐकावं. कॉम्प्युटरवरच्या गेमची चोरी होऊ नये, फुकट कॉप्या निघू नयेत, म्हणून कंपन्या गेमला एक सॉफ्टवेअरचं कुलूप लावतात. डीआरएम म्हणतात त्याला. या कुलपावर गिऱ्हाईक का चिडतं, ते आज बोलू. आणि लक्षात घ्या, मी फुकट्यांचं बोलत नाही. पैसे मोजून गेम घेणारं गिऱ्हाईक का चिडतं, ते सांगतोय.

त्यासाठी आधी आमच्या दाजींचा किस्सा. आमच्या घरात कुठलंही लग्नकार्य असो, हा किस्सा मीच सांगायचा असं ठरलेलंच आहे.

दाजी उदगीरचे. कृषी सेवा केंद्र चालवतात. बी-बियाणं, खतं, औषधं. हिशेबाला एकदम चोख माणूस. बोगस बियाण्यापायी हंगाम बुडालेले शेतकरी त्यांनी जवळून पाहिलेत, त्यामुळं पिशवीवर प्रमाणित बियाण्याचं निळं लेबल दिसल्याशिवाय ते माल उतरवून घेत नाहीत. गोष्ट 2009 सालची. भाच्याला नववीला बरे मार्क पडले आणि त्यानं बक्षीस म्हणून एक गेम मागितला. (मार्कांवर बक्षीस ठेवायची पद्धत मला स्वतःला मुळीच पसंत नाही. पोरगं बक्षिसासाठी घोकतं आणि आईबाप पाहुण्यांत सांगण्यासाठी टक्के मोजतात. पण ते असो.) गेमचं नाव मी सांगत नाही, कंपनीचंही नाही. बसस्टँडच्या मागं त्याच गेमची कॉपी पन्नास रुपयाला मिळत होती. दाजी म्हणाले, "दुकानात बोगस ठेवत नाही, मग घरात कशाला आणू?" पुढं कामानिमित्त हैदराबादला गेले, तेव्हा ओरिजिनल डीव्हीडी घेऊन आले. 999 रुपये, पक्क्या बिलासकट. ताईनं तर खोक्याला हळद-कुंकूसुद्धा लावलं.

डीव्हीडी घातली. पुस्तिकेवरचा लांबलचक कोड टाकला. फोनच्या लाइनीवरून नेट जोडलं, कंपनीनं तिकडून होकार दिला आणि गेम सुरू झाला. पोरगं जेवायला उठेना.

आता त्या काळात आपल्याकडं लोडशेडिंग किती होतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. घरी इन्व्हर्टर होता, पण तो पंखा आणि ट्यूबलाइटपुरता. कॉम्प्युटर थेट बोर्डावर. चालू गेममध्ये लाइट गेली, आली, परत गेली, आणि विंडोज उठायचंच बंद झालं. दुरुस्तीवाला पोरगा आला. त्याच्याकडं सगळ्या रोगांवर एकच औषध, फॉरमॅट. विंडोज नवं टाकलं, गेम परत टाकला, कोड परत टाकला. चालला. पावसाळ्यात कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला. परत फॉरमॅट, परत कोड. चालला. दिवाळीच्या तोंडावर पुन्हा लाइटीनं घात केला. पुन्हा फॉरमॅट. कोड टाकला, आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी आली.

दाजींनी विचारलं, "काय म्हणलालंय ते?"

भाचा म्हणाला, "तीन कॉम्प्युटरवर टाकून झालाय म्हणतंय. आता चालणार नाही."

"तीन? आरं, आपल्या घरात हा एकच डबा आहे!"

श्रोतेहो, परत सांगतो, कारण सगळी गोम इथंच आहे. घरात कॉम्प्युटर एक, कंपनीच्या वहीत तीन. विंडोज नव्यानं टाकलं की त्या कुलपाला वाटायचं, हे मशीनच नवीन. ज्या गावात लाइट जात नाही, तिथं बसून कुणीतरी हा नियम केला होता.

दाजींनी कस्टमर केअरला फोन लावला. इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. मराठीसाठी काहीच दाबायची सोय नाही, आणि त्यावर मी वेगळं भाषण द्यायला कधीही तयार आहे. तिकडची बाई म्हणाली, बिल आणि डीव्हीडीचा फोटो ईमेल करा, सोबत कारण लिहा. दाजींनी कारण लिहिलं. दुकानाच्या लेटरहेडवर. "विषय : गेम चालू करून मिळणेबाबत." खाली सही, सहीखाली दुकानाचा शिक्का. मी दिवाळीला तिकडंच होतो. मला सोबत घेऊन ते नेट कॅफेत अर्ज स्कॅन करायला गेले.

कॅफेतल्या पोरानं अर्ज वाचला, हसू दाबलं आणि म्हणाला, "काका, एवढ्यासाठी अर्ज? तिकडं बघा की." कोपऱ्यातल्या केबिनमध्ये एक पोरगं तोच गेम खेळत होतं. डीव्हीडी नाही, कोड नाही, नेटवरून कुणाचा होकार नाही. बसस्टँडमागची पन्नास रुपयाची कॉपी, सुरळीत चाललेली. दाजी त्याच्या खुर्चीमागं उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पाव्हणे, बियाण्याची पिशवी विकली की ती शेतकऱ्याची. त्यानं कोणत्या रानात पेरली, रान मोडून परत कधी पेरलं, हे विचारत मी बांधावर जातो का? आन् इथं तर रानसुद्धा एकच!"

कॅफेवाल्यानं ती कॉपी फुकट देऊ केली. दाजींनी घेतली नाही. स्कॅनिंगचे पैसे दिले आणि घरी आले. काही आठवड्यांनी कंपनीचा मेल आला, खास बाब म्हणून आणखी एकदा परवानगी. पण दाजी व्यापारी माणूस. शेवटची परवानगी अशी लाइटीच्या भरवशावर घालवतात होय? म्हणाले, आधी यूपीएस, मग गेम. आणि यूपीएस गेमपेक्षा महाग पडला.

किस्सा लांबला, वेळ थोडा उरलाय. तर ही कटकट एकट्या उदगीरची नव्हती. 2008 च्या सप्टेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा स्पोर हा गेम आला. त्याला सेक्युरॉम नावाचं कुलूप होतं आणि मर्यादा तीन कॉम्प्युटरची. लोकांनी ॲमेझॉनवर एकेक तारा देऊन राग काढला, असे अभिप्राय दोन हजारांच्या वर गेले. मग कंपनीनं तिनाचे पाच केले. आणि चोरी थांबली म्हणाल, तर त्या वर्षी टोरेंटवरून, म्हणजे लोक आपसात फुकट फायली वाटतात तिथून, सगळ्यात जास्त उतरवल्या गेलेल्या गेमांत हाच पुढं होता.

2010 साली युबिसॉफ्टनं आणखी पुढची अट घातली. असॅसिन्स क्रीड 2 एकट्यानं खेळायचा असला तरी नेट सतत चालू हवं. नेट तुटलं की गेम थांबला. त्याच मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला, आणि पैसे भरलेले खेळाडू घरी पडद्याकडं बघत बसले. पुढं 2012 मध्ये, ही अट सोडली असं कंपनीनं सांगितलं. हल्लीचं कुलूप म्हणजे डेनुव्हो, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचं. या नव्या कुलपांवर मुख्य ओरड अशी की गेम अडखळतो. 2021 साली कॅपकॉम कंपनीच्या रेसिडेंट ईव्हल व्हिलेज या गेमच्या वेळी कुलूप तोडलेली कॉपी ओरिजिनलपेक्षा सुरळीत चालते अशी बोंब झाली, आणि कॅपकॉमला जुलैमध्ये दुरुस्ती द्यावी लागली. म्हणजे परत तेच, पैसे देणाऱ्याच्या वाट्याला खराब माल.

कंपन्यांची बाजू खोटी आहे असं मी म्हणत नाही. 2013 साली ग्रीनहार्ट गेम्स या छोट्याशा कंपनीनं गेम डेव्ह टायकून काढला. गेममध्ये आपण गेम बनवणारी कंपनी चालवायची. त्यांनी स्वतःच त्याची एक "चोरीची" कॉपी नेटवर सोडली, आणि त्या कॉपीत अशी खोच ठेवली की खेळणाऱ्याची कंपनी शेवटी चोरीपायी बुडते. पहिल्या दिवशी विकत घेऊन खेळणारे 214, फुकट खेळणारे 3,104. त्यातले काही फुकटे कंपनीलाच विचारायला लागले, आमचे गेम एवढे चोरीला का जातात, काही उपाय आहे का! विकतवाल्याला त्यांनी काहीच त्रास दिला नाही, म्हणून मला ही कंपनी आवडते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीनं तर 2008 साली जीओजी हे नेटवरचं दुकानच बिनकुलपाचे गेम विकायला काढलं. घेतला की तुमचा, दहा वेळा फॉरमॅट मारा.

आता उपयोगाचं. घरातलं पोरगं स्टीमवर, म्हणजे गेमच्या नेटवरच्या दुकानात, गेम घ्यायचा म्हणालं, तर पैसे भरायच्या आधी त्या गेमच्या पानावर उजव्या बाजूला बघा. वेगळं कुलूप असेल तर तिथं डीआरएम अशी अक्षरं आणि कुलपाचं नाव लिहिलेलं असतं, डेनुव्हो वगैरे. परत सांगतो, पानाची उजवी बाजू, डीआरएम ही अक्षरं. किती मशीनवर टाकता येईल, तेही बऱ्याचदा तिथंच लिहितात. आणि घेतल्यावर गेम चालेना, तर चौदा दिवसांच्या आत आणि खेळून दोन तास व्हायच्या आत पैसे परत मागता येतात. त्यासाठी लेटरहेड लागत नाही. नमस्कार.