नंबर खंय आसा?

(दृश्य: देवगडमधली पॅकिंगची शेड, सकाळचं ऊन, पेंढ्यात आंबे लावणारे हात)

एप्रिल महिना. सकाळी सातपासून पेट्या भरणं चालू आहे, खाली पेंढा, वर आंब्याचा थर, परत पेंढा, आणि हा आंबा ज्यांच्या बागेतला ते अण्णा कोपऱ्यात खुर्ची टाकून, मोबाईल हातभर लांब धरून स्वतःचीच वेबसाइट बघत बसलेत. दोन बोटांनी मोठं करून बघावं तर बोटांना चीक लागलाय. शेवटी फोन माझ्या हातात देतात. "बघ रे बाबा, माका तर कायच दिसना नाय. नंबर खंय आसा?"

हा सगळा व्हिडिओ त्या एका प्रश्नापायी झालाय.

नंबर होता हो. वरच्या बॅनरमध्ये, उजव्या कोपऱ्यात, पिवळ्याधमक रंगात. पण बॅनर बनवतानाच तो त्यात रंगवलेला, म्हणजे नंबर कसला, चित्रच ते, आणि चित्रावर कितीही बोट दाबा, फोन लागत नाही. २०११ मध्ये पुण्याच्या कुणीतरी करून दिलेली साइट, तेव्हा मोठ्या मॉनिटरवर झकास दिसायची, वर 'आंबा बुकिंग सुरू' अशी सरकती पट्टी, खाली किती जणांनी भेट दिली त्याचा काउंटर, सगळा थाट. आता गिऱ्हाईक कुठे असतं? डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन, आणि कामाला एकटा अंगठा. त्या अंगठ्याने झालं तर झालं, नाहीतर माणूस मागे जातो आणि दुसऱ्याच आंबेवाल्याच्या साइटवर टिचकी मारतो.

(दृश्य: फोनच्या स्क्रीनवर जुनी साइट, पोस्टाच्या तिकिटाएवढी)

आता ही साइट एवढीशी का दिसते? २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा सगळ्या साइट कॉम्प्युटरच्या मापाच्या होत्या, तर ॲपलवाल्यांनी शक्कल लढवली, फोनचा ब्राउझर साइटला चक्क खोटं सांगतो की मी ९८० पिक्सेल (स्क्रीनवरचं माप) रुंद आहे, साइट बिचारी तेवढी पसरते, मग ब्राउझर तिला दाबून छोट्या स्क्रीनवर बसवतो. नऊवारीची घडी करून पाकिटात कोंबावी तसं. बाकीच्या फोननीही साधारण तीच रीत उचलली. आणि खोटं बोलू नको, खरी रुंदी सांग, असं ब्राउझरला बजावायला एचटीएमएलमध्ये, म्हणजे साइट ज्या भाषेत लिहितात तिच्यात, एक ओळ लागते, व्ह्यूपोर्टची. अण्णांच्या साइटमध्ये ती नव्हती. मी मोठ्या ऐटीत टाकली आणि साइट आणखीनच बिघडली, कारण आतली मापं सगळी ठरलेली, न बदलणारी, ९६० पिक्सेलचं टेबल, त्यात २२० चा मेनू, झालं, अर्धी साइट स्क्रीनच्या बाहेर लोंबकळायला लागली.

यावरचा इलाज २०१० च्या मे महिन्यात इथन मार्कोट या अमेरिकन डिझायनरने एका लेखात लिहून ठेवलाय, रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हे नाव त्यानेच दिलेलं. मापं टक्क्यांत द्या, फोटो आपापल्या चौकटीपुरते आक्रसू द्या, आणि स्क्रीन अमुक रुंदीच्या खाली गेली की मांडणीच बदला. तोवर बरेच जण मोबाईलसाठी वेगळी साइट करायचे, पत्त्याच्या आधी एम आणि टिंबवाली, मग एकीकडे रेट बदलला की दुसरीकडे बदलायचा राहून जायचा. आंब्याचा रेट तर रोज बदलतो.

रेटच्या तक्त्यानेच माझा सगळ्यात जास्त घाम काढला. सात रकाने! चार डझनी, पाच डझनी, फळाचं वजन, मुंबई पोच, पुणे पोच वगैरे. फोनवर सात रकाने म्हणजे मुंग्यांची रांग. शेवटी तक्ता मोडला, प्रत्येक पेटीचं वेगळं कार्ड केलं, त्याखाली व्हॉट्सॲपचं बटण, दाबलं की 'पाच डझनी पेटी हवी' असं आधीच टाइप झालेलं चॅट उघडतं. बटणाची उंची ४८ पिक्सेल ठेवली, अँड्रॉइडवाले निदान तेवढी ठेवा म्हणतात, ती स्क्रीनवर साधारण नऊ मिलिमीटर भरते, म्हणजे अंगठ्याला न शोधता सापडेल अशी. कॅमेऱ्यातून थेट चढवलेले चार-चार एमबीचे फोटो होते ते बारीक केले. आणि नंबर अक्षरांत लिहून त्याला फोनची लिंक दिली. दोन मिनिटांचं काम, बघा.

मजकुराची वेगळीच कथा. जुनी साइट युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारखीच चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथेच मराठी दिसणार, फोनवर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. युनिकोड असूनही जुन्या फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन यायचे, तेव्हा आम्ही ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी ऑपेरा कॉन्फिग लिहून आतला बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू करायचो, मग मराठी अक्षरं चित्रं होऊन यायची. मराठी पेपर वाचायला केवढा उपद्व्याप. असो.

(दृश्य: घाटातून जाणारा पेट्यांचा टेम्पो)

२१ एप्रिल २०१५. आंब्याचा ऐन सीझन. त्या दिवसापासून गूगलने मोबाईलवरच्या सर्चमध्ये मोबाईलला साजेशा पानांना झुकतं माप द्यायला सुरुवात केली. अण्णांच्या गावी पत्ताच नाही, ते बागेत फवारणी करत होते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात स्टॅटकाउंटर या वेब वापर मोजणाऱ्या कंपनीच्या मोजणीत जगभर फोन आणि टॅबलेटवरचा इंटरनेट वापर पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या पुढे गेला, आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झालं होतं, डेटा स्वस्त झाला आणि ज्यांनी कधी कॉम्प्युटरला हात लावला नाही ते थेट फोनवरच आंबा शोधायला लागले.

आता जाहिरातीकडे येऊ. अण्णा आधी एसएमएस करायचे, जुन्या गिऱ्हाइकांना, एकेका दिवशी दोनशे-तीनशे. मग २७ सप्टेंबर २०११ पासून ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एका सिमवरून दिवसाला १०० ची मर्यादा घातली, नंतर ती २०० केली, पण अण्णांचा त्यातून मूडच गेला. मग कुणीतरी डोक्यात भरवलं की साइटवर जाहिराती लावा, घरबसल्या पैसे. लावल्या. ३०० बाय २५० ची चौकट, साध्या ३६० बाय ६४० च्या स्क्रीनवर ती उंचीचा जवळजवळ ४० टक्के भाग खाते, आणि ती उशिरा लोड होते, म्हणजे तुम्ही रेटवर बोट ठेवायला जाता आणि तेवढ्यात सगळं पान खाली सरकून बोट जाहिरातीवर पडतं. पण खरी गंमत पुढे आहे. पानावर शब्द आंब्याचे, म्हणून जाहिरातही आंब्याची. दुसऱ्याच्या आंब्याची! मांडव आपला, लग्न शेजाऱ्याचं. दोन महिन्यांत जमलं काय तर एका पेटीचेसुद्धा पैसे नाहीत. मी ती चौकट काढली तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "बरा झाला, गेली पीडा."

मग उलटं केलं, स्वतःची जाहिरात द्यायची. पहिल्या आठवड्यात क्लिक ढीगभर, फोन एक नाही. रिपोर्ट उघडून बघतो तर निम्म्याहून जास्त क्लिक लहान पोरांच्या गेममधून आलेले, खाली पट्टी असते ना ३२० बाय ५० ची, पोरं फुगा फोडायला जातात आणि आंब्यावर बोट पडतं, पैसे अण्णांचे. गेममधली जाहिरात बंद केली. जाहिरात फक्त दादर, ठाणे, डोंबिवली आणि पुण्यापुरती ठेवली, ती थेट रेटच्या पानावर नेली, आणि चालू ठेवली ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सातपर्यंतच, कारण रात्री अकराला आलेला फोन उचलणार कोण? बागेच्या खालच्या अंगाला रेंजही नाही, म्हणून दुपारी अण्णा शेडमध्ये असतात ते दोन तास बजेट जरा वाढवून ठेवलं.

(दृश्य: शेड, दुपार. अण्णांचा फोन वाजतो)

फोन डोंबिवलीचा. दोन पेट्या, पाच डझनी. अण्णा कानाला फोन लावून वहीत पेनाने लिहून घेतात, मी इतक्या हौसेने केलेला ऑर्डरचा फॉर्म गेला बाजूला. फोन ठेवल्यावर नवी साइट स्वतःच्या मोबाईलवर उघडतात. त्यांनी सेटिंगमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलीयत, हे माझ्या लक्षातच नव्हतं. 'पाच' वरच्या ओळीत, 'डझनी' खालच्या ओळीत, आणि रेट बटणाच्या मागे अर्धा लपलाय.

"ह्यां काय रे?"

बघतो अण्णा, रात्री बसून करतो.