इस्टेट एजंट व्हायचंय? आधी कागद वाचायला शिका

नमस्कार श्रोतेहो.

इस्टेट एजंट व्हायला काय लागतं, असं कुणी विचारलं, तर काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे हसत हसत सांगितलं जायचं: एक मोबाइल, एक दुचाकी आणि ओळखीचे चार वॉचमन. ते फारसं खोटंही नव्हतं. नोकरी सुटलेला, दुकान न चाललेला, रिटायर झालेला, कुणीही सकाळी उठून बोर्ड लावायचा. महाराष्ट्रात आता तसं राहिलेलं नाही आणि ते बरंच झालं, असं माझं मत आहे. मी डोंबिवली-ठाणे पट्ट्यात रिसेलची, म्हणजे मालकाकडून दुसऱ्याला घर विकून देण्याची, आणि भाड्याची कामं करते. धंद्यात येऊ पाहणारी मुलंमुली, घर सांभाळून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या बायका मला जे विचारतात, त्यातलं कामाचं तेवढं आज सांगते.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६चा. आपल्याकडे महारेराचं, म्हणजे तो राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, काम मे २०१७पासून सुरू झालं. बिल्डरच्या प्रकल्पातलं घर विकून द्यायचं, तर एजंटकडे महारेराची नोंदणी हवीच. एकट्या माणसासाठी शुल्क १०,००० रुपये, नोंदणीची मुदत ५ वर्षं. हीच नोंदणी कंपनीच्या किंवा भागीदारीच्या नावानं काढायला गेलात, तर शुल्क एकदम १ लाख. म्हणून तीन मित्रांनी मिळून फर्म काढायची हौस पहिल्या वर्षी तरी आवरावी. नोंदणी न करता काम केलं, तर दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो.

२०२३पासून यात परीक्षेची भर पडली. आधी २० तासांचं प्रशिक्षण, मग आयबीपीएसची ऑनलाइन परीक्षा. हो, तीच संस्था, जी बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेते. आयबीपीएसचं नाव ऐकूनच काहीजण गार पडतात. पण मे २०२३मध्ये पहिली परीक्षा झाली तेव्हा ४२३ जण बसले आणि त्यातले ४०५ पास झाले. तेव्हा धास्ती घेऊ नका, पण टाळाटाळही करू नका. वर्षानुवर्षं धंद्यात असलेल्या कितीतरी लोकांनी ‘आम्हाला काय शिकवणार’ म्हणत प्रमाणपत्र घेतलंच नाही, आणि २०२४च्या सुरुवातीला महारेरानं सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी स्थगित केली.

भाड्याची कामं मात्र रेराच्या कक्षेत येत नाहीत. नव्या माणसानं तिथूनच सुरुवात करावी, असं मी म्हणते. नवीन मुलांना ते कमीपणाचं वाटतं. त्यांना थेट टॉवरमधला थ्री बीएचके विकायचा असतो. पण भाड्याच्या कामात महिन्या-दोन महिन्यांत व्यवहार पुरा होतो, सोसायट्यांचे सेक्रेटरी ओळखीचे होतात, आणि कोणत्या इमारतीत पाणी किती वाजता येतं, ते तुम्हाला पाठ होतं. आज भाडेकरूला घर दाखवलंत, तर दोन-चार वर्षांनी तोच तुमच्याकडे विकत घ्यायला येतो.

घर दाखवायच्या आधी एकटं जाऊन बघायचं, हा नियम करून टाका. बरेच दिवस बंद असलेलं घर असतं. दार उघडल्या उघडल्या वास येतो. खिडक्या उघडायच्या. बाथरूममध्ये एक बादली पाणी ओतायचं, म्हणजे जाळीतून येणारा वास थांबतो. बेसिनचा नळ सोडून पाणी उतरतंय का बघायचं. मेन स्विच लावायचा, कारण पार्टी आल्यावर अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बेडरूम दाखवण्यासारखं केविलवाणं काही नाही. बीमच्या कडेला पोपडे दिसतात का, ते बघायचं. रंग नवा आणि तेवढ्याच कोपऱ्यात पोपडे, म्हणजे वरच्या मजल्यावरून गळती आहे. ती मालकाला विचारायची आणि भाडेकरूला स्वतःहून सांगायची. पावसाळ्यात ती दिसणारच आहे, आणि तेव्हा फोन मालकाला नाही, तुम्हाला येणार आहे.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक काळ राहायची परवानगी देणारा, बहुतेक अकरा महिन्यांचा. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ‘पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू’ असं म्हणणारा मालक भेटतोच. त्याला हे नीट समजावून सांगायचं. आता नोंदणी ऑनलाइन होते, अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हेही त्याच दमात उरकायचं.

इथे एक कडू गोष्ट येते, ती गाळता येणार नाही. फोनवर मालक आधी आडनाव विचारतात. नॉनव्हेज नको, बॅचलर नको, अमुक समाजाचे नकोत. मुंबईत तर मराठी कुटुंबांनाही हे ऐकावं लागतं, आपल्यालाच ते वेगळं सांगायला नको. एजंट मध्ये उभा असतो आणि नकार त्याच्या तोंडून जातो. मी आडनाव बघून फोन ठेवत नाही. घर दाखवते, मालकाशी बोलते. मालक अडूनच बसला, तर ते घर माझ्या यादीतून जातं. यात काही कामं हातची जातात. ज्याचं त्यानं ठरवावं, पण हा प्रश्न पहिल्या महिन्यातच समोर येईल, एवढं धरून चाला.

आता कागद. मला विचाराल, तर हा धंदा म्हणजे ऐंशी टक्के कागद. घर तर पार्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघते, त्यात तुमचं कर्तृत्व ते काय? रिसेलचा फ्लॅट हातात आला की मूळ बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतच्या सगळ्या करारनाम्यांची साखळी मागायची. प्रत्येक व्यवहाराची इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, सोसायटीची थकबाकी, बँकेचं कर्ज असेल तर त्याचं पत्र. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. तिथे बसून त्या इमारतीतले जुने दस्त शोधायचा नाद लावून घ्या. संध्याकाळी लोक मालिका बघतात, तुम्ही इंडेक्स टू वाचा.

एक नमुना सांगते, हा वरचेवर भेटतो. फ्लॅट वडिलांच्या नावावर. वडील गेले. थोरला मुलगा, आता तोही साठीचा, शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढलेलं. ‘अहो ताई, नॉमिनी मीच आहे की! सोसायटीनं नाव लावून दिलंय.’ काका खोटं बोलत नसतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीनं व्यवहार कुणाशी करायचा, एवढ्यापुरतीच ती सोय. वारस सगळेच. ‘काका, तुम्हाला बहिणी किती?’ हा प्रश्न इथे विचारायचा. एक नाशिकला असते, एक बडोद्याला. त्यांची हक्कसोडपत्रं नोंदवून घेतल्याशिवाय टोकन, म्हणजे बयाणा, घ्यायचं नाही, खरेदीदार कितीही घाईत असला तरी. घाईत टोकन घेतलं, मग बँकेच्या वकिलानं फाइल परत पाठवली की पैसे परत करताना जी तोंडं बघावी लागतात, ती फार वाईट.

आणि आमच्याच गावची गोष्ट. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण तुम्ही पेपरात वाचलं असेल. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट, आणि त्याच बनावट कागदांवर महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवलेले. लोकांनी क्रमांक बघितला, बँकांची कर्जं मिळाली, संसार थाटले. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या इमारती पाडायचा आदेश दिला. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करणं ऑगस्ट २०२३पासून सोपं झालंय, पण तेवढ्यावर थांबायचं नाही, हे आम्ही यातून शिकलो. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जायचं, ही परवानगी तुम्हीच दिलीय का, असं विचारायचं. अर्धा दिवस जातो. कुणी त्याचे वेगळे पैसे देत नाही. पण ज्या एजंटांनी तेव्हा ही घरं विकून दिली, त्यातल्या कुणाला आज त्या गल्लीतून ताठ मानेनं जाता येत असेल, असं मला वाटत नाही.

जमिनीच्या व्यवहारांत पहिली काही वर्षं पडूच नका. सातबारा वाचता येतो असं सगळ्यांना वाटतं. लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि ‘इतर हक्क’ या रकान्यावरून डोळे फिरवून पुढे जातात. खरी मेख तिथेच असते: बँकेचा बोजा, कुळाची नोंद, कोर्टातला दावा. भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन, असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री नाही. घेणारा शेतकरी नसेल, तर शेतजमीन त्याच्या नावावर तशीच होत नाही. ‘एक गुंठा, १०८९ चौरस फूट, हप्त्यावर’ असे बोर्ड हायवेला दिसतात, त्यातले किती टिकतील, हे आपण न बोललेलं बरं. जमीन करायचीच असेल, तर तलाठी कार्यालयात फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, वाचण्यात मुरलेल्या माणसाच्या हाताखाली राहा.

पैशाचं आता. तरुणांना मोठा आकडा दिसतो: ६० लाखांचा फ्लॅट, एक टक्का म्हणजे ६०,००० रुपये. दलालीचा दर रेरानं ठरवलेला नाही. आमच्याकडे भाड्याला साधारण एक महिन्याचं भाडं आणि रिसेलला प्रत्येक बाजूकडून एक ते दोन टक्के असा रिवाज आहे. दोन एजंट असले, की ‘साइड बाय साइड’, ज्यानं त्यानं आपल्या पार्टीकडून घ्यायचं. पण ते ६०,००० हातात कधी येतात? खरेदीदाराचं कर्ज मंजूर व्हायचं, विकणाऱ्याचं जुनं कर्ज फिटून मूळ कागद बँकेतून सुटायचे, सोसायटीचं ना-हरकत, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. दोन-तीन महिने सहज जातात. मधल्या काळात पेट्रोल तुमचं, फोन तुमचा. म्हणून किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. काही पार्ट्या घर बघून झालं की मालकाला परस्पर गाठतात, याला आम्ही बायपास म्हणतो. रडून उपयोग नाही. घर दाखवायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता, तारीख आणि दलालीचा दर लिहून ‘ओके’ मागायचं. बायपास पूर्ण थांबत नाही, पण बराच कमी होतो.

रोखीच्या भानगडीपासून लांब राहा. २०१५पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, टोकनसुद्धा. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर खरेदीदारानं एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. हे त्याला आधी सांगणारा एजंट त्याच्या लक्षात राहतो. तुमची स्वतःची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली, की जीएसटी आला. पहिल्या वर्षी ही काळजी बहुधा नसते.

बिल्डरकडे चॅनल पार्टनर म्हणून, म्हणजे त्याची घरं कमिशनवर विकून देण्याचं, काम करणं हा दुसरा रस्ता. तिथे कमिशन जास्त, वर सोन्याचं नाणं, दुबईची सहल असली आमिषं. त्यात वाईट काही नाही. पण ज्या प्रकल्पावर जास्त कमिशन, तोच प्रत्येक पार्टीला ‘बेस्ट’ वाटायला लागला, की समजा, आपली जीभ विकली गेली. क्षेत्रफळ सांगताना कार्पेटच, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागाच, सांगा. जिना, लॉबी धरून सुपर बिल्टअपचा फुगवलेला आकडा अजून काहींच्या तोंडात आहे, तो गिळून टाका. आणि करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त मागत असेल, तर ते कायद्यात बसत नाही, हे पार्टीला तुम्हीच सांगायचं. बिल्डरच्या सेल्स ऑफिसात बसूनसुद्धा.

उन्हातान्हात फिरणं ज्यांना जमणार नाही, त्यांनाही या क्षेत्रात जागा आहे. वकिलांकडे टायटल सर्च, म्हणजे मालकीहक्काची तपासणी, करणारे, दस्त नोंदणीची कामं पाहणारे, परदेशी राहणाऱ्या मालकांची घरं सांभाळणारे, सोसायट्यांच्या पुनर्विकासात कागदपत्रं जुळवणारे. या शेवटच्या कामाला मुंबई-ठाण्यात तोटा नाही, कारण जुन्या इमारती जागोजागी आहेत आणि कमिटीत बसलेल्या मंडळींना ७९-अ, म्हणजे सहकार कायद्याच्या त्या कलमाखालचे पुनर्विकासाचे नियम काय, हे समजावून सांगणारं कुणीतरी हवंच असतं. आमच्या ओळखीतल्या कितीतरी बायकांनी दस्त नोंदणीच्या टेबलापासून सुरुवात केली आणि आज त्या रिसेलमध्ये माझ्याशी स्पर्धा करतात. मला जरा जडच जातं ते. पण त्यांच्या फाइलमध्ये एक कागद कमी सापडत नाही, हे मान्य करावंच लागतं.

महारेराच्या संकेतस्थळावर एजंटसाठी वेगळा विभाग आहे. प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आणि परीक्षेच्या तारखा तिथे बघायला मिळतील. अर्जही ऑनलाइनच आहे, पॅन आणि आधार जवळ घेऊन बसा.

नमस्कार.